शंभराव्या संमेलनाला घरच्यांना घेऊन जाऊ या

(युवा कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



कालपासून तुम्ही शिष्यवृत्त्या, संविधान, समाजमाध्यमं अशा विषयांवर ऐकताय. माझा विषय त्या मानाने घरगुती आहे. घरातल्या सगळ्यांना घेऊन साहित्य संमेलनाला कसं जायचं, एवढंच मी सांगणार आहे. गाडी कोणती धरायची, मुक्काम कुठे करायचा, दादी किती चालू शकेल, बहिणीच्या बाळाला झोप आली तर काय करायचं, नमाज कुठे पढायची, हे सगळं त्यात येतं. आयोजकांनी मला ‘वाचन आणि नागरिकत्व’ असा विषय दिला होता. मला विचाराल तर तो हाच आहे.

निमित्त सांगतो. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं ९९वं संमेलन जानेवारी २०२६ मध्ये साताऱ्याला झालं. अध्यक्ष होते विश्वास पाटील. म्हणजे आता पुढचं आहे ते शंभरावं. त्या मंडपात आपली माणसं कशी बसलेली असतील, हे आजपासून ठरवता येईल.

सध्या आपल्याकडून संमेलनाला कोण जातं ते आठवून बघा. ज्याला कविसंमेलनाचं निमंत्रण आलंय तो कवी जातो. एखादे प्राध्यापक जातात. तुमच्यातले दोन-चार जण मोटारसायकलवर जातात, सेल्फी काढतात, एखादं पुस्तक घेतात आणि रात्री परत येतात. घरी अम्मी विचारते, “कसं झालं?” उत्तर येतं, “चांगलं झालं.” विषय संपला. अम्मी गेलेली नसते. दादी तर नाहीच नाही. व्हीलचेअरवरचा चुलतभाऊ, ऐकू न येणारी खाला, यांना कुणी विचारलेलंसुद्धा नसतं.

आता हे संमेलन आहे कुणाचं, हे दोन मिनिटांत बघू. १८७८ साली न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने पुण्यात पहिलं ग्रंथकार संमेलन भरलं. दुसरं १८८५ साली. त्याचं बोलावणं जोतीराव फुल्यांना गेलं, तेव्हा त्यांनी पत्र लिहून नकार कळवला. ज्यांच्या ग्रंथांत आणि वागण्यात सगळ्या माणसांच्या हक्कांना जागा नाही, त्यांच्या सभांशी आमच्या सभांचा मेळ बसणार नाही, असा त्या पत्राचा आशय होता. म्हणजे मंडपात कोण बसतं आणि कोण बाहेर राहतं, हा प्रश्न जवळजवळ संमेलनाइतकाच जुना आहे.

आणि १९९० हे साल लक्षात ठेवा. त्या वर्षी पुण्याच्या संमेलनाचे अध्यक्ष होते डॉ. यू. म. पठाण, संतसाहित्याचे मोठे अभ्यासक. त्याच वर्षी सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. त्या चळवळीमागे प्रा. फकरुद्दीन बेन्नूर यांच्यासारखी माणसं होती. त्याही फार आधी, सतराव्या शतकात, श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ लिहिला. तेव्हा मंचावर आपण पोचलेलो आहोत. खाली खुर्च्यांवर, घरच्या माणसांसकट, ऐसपैस बसलेलो मात्र आपण फारसे दिसत नाही. मंचावर जायला निमंत्रण लागतं. खुर्चीवर बसायला काही लागत नाही. मंडपात शिरायला तिकीट नसतं.

मग अडतं कुठे? बेत आखण्यात अडतं. आपण बेत आखतो तो सगळ्यात धडधाकट माणसाच्या हिशेबाने. “सकाळी सहाला निघू, दिंडीत चालू, दुपारी कुठेतरी खाऊ, रात्रीच्या गाडीने परत.” या वाक्यात दादी कुठे बसते? बाळ कुठे झोपतं? म्हणून माझी आज एकच सूचना आहे. ज्याला जाणं सगळ्यात अवघड आहे, त्याच्यापासून बेताची सुरुवात करा. त्याला जमेल असा दिवस आखला की बाकीच्यांना तो आपोआप जमतो. उलटं कधी होत नाही.

कुणी म्हणेल, दादीला वाचता येत नाही, ती तिथे काय करणार? दिल्लीला फेब्रुवारी २०२५ मध्ये ९८वं संमेलन झालं, त्याच्या अध्यक्ष होत्या डॉ. तारा भवाळकर. त्यांचा अभ्यासाचा विषय आहे लोकसाहित्य आणि लोकसंस्कृती. बायकांनी जात्यावर, पाळण्यापाशी, शेतात जे गायलं, सांगितलं, त्यालाही वाङ्मय म्हणून मान द्या, अशी ती सगळी परंपरा आहे. माझ्या दादीला सही येत नव्हती, पण दळताना ती अर्धं दखनी आणि अर्धं मराठी असं काय काय गायची. तिला मी संमेलनाला पाहुणी म्हणून नेलं नसतं, तज्ज्ञ म्हणून नेलं असतं. तुमच्या घरात अशी बाई असेल तर तिच्याबरोबर एक दुपार लोकसाहित्याच्या परिसंवादाला बसा आणि परतीच्या वाटेत तिला बोलतं करा.

चला, आता कामाचं बोलू.

पहिली गोष्ट, तारखा. मागच्या संमेलनांचे पहिले दिवस बघा. धाराशिव १० जानेवारी २०२०, नाशिक ३ डिसेंबर २०२१, उदगीर २२ एप्रिल २०२२, वर्धा ३ फेब्रुवारी २०२३, अमळनेर २ फेब्रुवारी २०२४, दिल्ली २१ फेब्रुवारी २०२५. हे सगळे शुक्रवार आहेत. साताऱ्याचं चार दिवसांचं होतं, ते गुरुवारी सुरू झालं. साधारणपणे पहिल्या दिवशी सकाळी ग्रंथदिंडी असते आणि पुढे उद्घाटन. म्हणजे ऐन जुम्याच्या दिवशी गर्दी, रस्ते बंद आणि बंदोबस्त. ज्यांना जुम्याची नमाज पढायची आहे त्यांनी मंडपाजवळची मशीद आधीच नकाशावर शोधून ठेवावी, आणि बायकांसाठी तिथे जागा आहे का हेही विचारून घ्यावं. पण घरचं लटांबर घेऊन जायचं असेल तर मी म्हणेन, पहिला दिवस सोडाच. शनिवारी जा. भाषणं कमी, साहित्य जास्त, आणि खुर्च्याही मिळतात.

तारखांमधली दुसरी बाब रमजानची. उदगीरचं संमेलन रमजानमध्येच आलं होतं. २०२७ चा रमजान फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास सुरू होईल, नक्की दिवस चांदवर. महामंडळाने तारखा जाहीर केल्या की लगेच दिनदर्शिका उघडा. गाठ पडलीच तर सकाळची सत्रं धरा, दुपारी मुक्कामावर विसावा घ्या, इफ्तारची शिदोरी बरोबर ठेवा. गाठ पडली म्हणून बेत मोडायचं कारण नाही.

दुसरी गोष्ट, प्रवास. खर्च परवडत नाही असं म्हणण्याआधी हिशेब करा. राज्यातल्या प्रवासात एसटीत बायकांना मार्च २०२३ पासून निम्मं तिकीट आहे. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना निम्मं आणि ७५ च्या पुढे प्रवास मोफत. म्हणजे अम्मीचं अर्धं तिकीट, दादीचं शून्य. आधार कार्ड मात्र जवळ हवं. एसटीच्या पायऱ्या उंच असतात, गुडघे दुखणाऱ्याला त्या त्रासाच्या पडतात. तिथे रेल्वे बरी. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. वडीलधाऱ्यांना खालचा बर्थ मागा. बऱ्याच मेल-एक्स्प्रेस गाड्यांना दिव्यांगांसाठी राखीव डबा असतो. मोठ्या स्टेशनांवर मागितली तर व्हीलचेअर मिळते, पण ऐनवेळी धावाधाव नको. निघण्याआधी स्टेशनवर विचारून ठेवा.

तिसरी, मुक्काम. प्रतिनिधी शुल्क भरून नाव नोंदवलं तर राहण्या-जेवणाची सोय आयोजक करतात. ती तरुणांसाठी ठीक. आजी-आजोबांसाठी मात्र तळमजल्यावरची खोली आणि कमोडचा संडास आहे का, हे विचारल्याशिवाय पैसे भरू नका. त्या गावात नातेवाईक असतील तर उत्तम. रात्री जेवताना त्यांनाही उद्या मंडपात चला म्हणा.

चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची: मंडपात वावरता येईल का. माझा एक दोस्त व्हीलचेअर वापरतो. कुठला कार्यक्रम ते सांगत नाही, पण एका साहित्य कार्यक्रमाला आम्ही गेलो. ग्रंथप्रदर्शनाच्या तोंडाशीच दोन पायऱ्या. चार स्वयंसेवक धावत आले, एक शब्द न विचारता त्यांनी त्याला खुर्चीसकट उचललं आणि आत नेऊन ठेवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो लाजेने लाल झाला होता. आत पुस्तकांच्या रांगांमध्ये अंतर इतकं कमी की चाक फिरेना. अर्ध्या तासात आम्ही बाहेर. पुन्हा उचलूनच. तो मला म्हणाला, “माणसं चांगली होती रे. एक फळी टाकली असती तर त्यांना बिचाऱ्यांना एवढं उचलावं लागलं नसतं.”

ती फळी आपण आधी मागायची आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये झाला. त्यात २१ प्रकारची दिव्यांगता धरली आहे, आणि सांस्कृतिक जीवनात भाग घेण्याच्या हक्काचा वेगळा उल्लेख आहे. म्हणजे आपण मेहेरबानी मागत नाही. संमेलनाची स्वागत समिती दीड-दोन महिने आधी कामाला लागलेली असते. तिला पत्र लिहा. भाषा सभ्य ठेवा, प्रश्न नेमके विचारा:

मंडपात, प्रदर्शनात आणि मंचावर जायला उतार आहे का? एक फूट उंचीला बारा फूट लांबी, हे उताराचं मान्य प्रमाण आहे. त्याहून उभा उतार म्हणजे घसरगुंडी.

व्हीलचेअर आत जाईल असं स्वच्छतागृह आहे का, आणि ते मंडपापासून किती लांब?

गाडी कुठपर्यंत येऊ देतील? शेवटचा अर्धा किलोमीटर चालावा लागत असेल तर दादीचा बेत तिथेच मोडतो.

मुख्य सत्रांना सांकेतिक भाषेचा दुभाषी असेल का? पडद्यावर शब्द दिसतील का?

अध्यक्षीय भाषणाची छापील प्रत मिळते, तिची संगणकीय प्रतही आधी मिळेल का? म्हणजे ऐकू न येणारा ती वाचेल आणि न दिसणारा मोबाईलवर ऐकेल.

बाळाला दूध पाजायला आडोसा आणि टेकायला शांत जागा आहे का?

असं पत्र एका घराने लिहिलं तर कदाचित बाजूला पडेल. वीस गावांतून वीस पत्रं गेली तर समितीच्या बैठकीत विषय निघेल. आणि त्या उतारावरून फक्त आपली माणसं जाणार नाहीत. कुणाचेही आजोबा, कुणाचीही बाळाची गाडी त्यावरून जाईल. माझ्या मते चळवळ म्हणतात ती हीच.

पाचवी गोष्ट, दिवस कसा घालवायचा. कार्यक्रमपत्रिका हातात आली की घरच्या सगळ्यांना बसवा आणि प्रत्येकाला एक सत्र निवडू द्या. अब्बांना मुलाखत हवी असेल, अम्मीला कथाकथन, तुम्हाला गझलकट्टा, भाचीला बालमेळावा. एका दिवसात दोन सत्रं आणि एक प्रदर्शन, एवढंच झेपतं. कविकट्टा फार छान जागा आहे. तिथे नवखे लोक कविता वाचतात, कधीही उठता येतं, लहान मूल रडलं तरी कुणी डोळे वटारत नाही. मुलांच्या खिशात नाव आणि मोबाईल नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा, आणि चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ती खूण आधी ठरवा. पाण्याच्या बाटल्या, दादीच्या गोळ्या, एक जाजम. जाजमावर मूलही झोपतं आणि नमाजही होते. आडबाजूला, वाट न अडवता पढा. कुणी विचारलं तर हसून सांगा.

पुस्तकांचं बजेट घरीच ठरवा आणि प्रत्येकाचं वेगळं ठेवा. लहान मुलांनासुद्धा पैसे हातात द्या, त्यांचं पुस्तक त्यांना निवडू द्या. आपण थोरांनी “हे घे, हे चांगलं आहे” म्हटलं की ते पुस्तक कपाटात जातं. शेवटच्या दिवशी सवलत वाढेल म्हणून थांबू नका, हवं ते पुस्तक तोवर संपलेलं असतं.

आता थोडं अवघड बोलतो. तिथे कुणीतरी अम्मीला म्हणेल, “अरे वा, तुम्ही मराठी किती छान बोलता!” म्हणणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. पण ते वाक्य ऐकून घरी परत जावंसं वाटतं, हे मला माहीत आहे. तुम्ही शांतपणे म्हणा, “आम्ही इथलेच. तुम्ही कुठले?” आणि गप्पा सुरू करा. एखाद्या परिसंवादात आपल्याविषयी चुकीचं, टोचणारं काही बोललं गेलं तर घोषणा देऊ नका, उठूनही जाऊ नका. प्रश्नोत्तरं असतील तर हात वर करा. एक प्रश्न, तोही दोन वाक्यांत. “आपण हे म्हणालात, त्याला आधार कोणत्या पुस्तकाचा?” वाचणाऱ्या माणसाला शोभेल असा हा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर सगळा मंडप ऐकतो. शेजारी तुमची भाची बसलेली असेल तर प्रश्न कसा विचारायचा हेही ती शिकेल.

काही माणसं कितीही बेत केला तरी येऊ शकणार नाहीत. नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्ष डॉ. जयंत नारळीकर होते आणि प्रकृतीमुळे खुद्द अध्यक्षच तिथे जाऊ शकले नव्हते. तेव्हा अंथरुणावरच्या माणसाला कमी लेखू नका. थेट प्रक्षेपण असेल तर घरी लावून द्या आणि शेजारी कुणीतरी बसा. एकट्याने पाहिलेलं संमेलन टीव्हीच्या मालिकेसारखं होतं. जाणाऱ्यांनी त्यांना फोन करून विचारावं, “तुमच्यासाठी कोणतं पुस्तक आणू?”

एकदम तीन दिवसांच्या संमेलनाची धास्ती वाटत असेल तर आधी जवळचं काही करून बघा. जिल्ह्याजिल्ह्यात शासनाचा ग्रंथोत्सव होतो, तो बहुतेकांना एका दिवसात करून परत येण्यासारखा आहे. पुण्याला डिसेंबरमध्ये फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर पुस्तक महोत्सव भरतो. आणि गर्दीच नको असेल तर महाबळेश्वर-पाचगणीजवळचं भिलार आहे, २०१७ पासूनचं पुस्तकांचं गाव. तिथे घराघरांत पुस्तकं मांडलेली आहेत, बसून वाचायचं, पैसे नाहीत. एक दिवस असं जाऊन आलात की कळतं, दादी किती वेळ बसू शकते, बाळ कधी कुरकुरतं, पिशवीत काय राहून गेलं.

दोस्तांनो, कुठलाही समाज वाचणारा आहे की नाही हे लोक आकडेवारीवरून ठरवत नाहीत. मंडपात कोण दिसतं, पुस्तकाच्या दुकानात कोण घासाघीस करतं, कुणाची मुलं खाली जाजमावर पालथी पडून चित्रं बघतात, यावरून ठरवतात. आपल्या पोरांनाही स्वतःविषयी तिथेच कळतं. जे मूल सात वर्षांचं असताना दादीच्या मांडीवर बसून मराठी कविता ऐकतं, त्याला सतराव्या वर्षी “ही भाषा तुझी आहे का?” असं कुणी विचारलं तर ते गोंधळत नाही.

तर घरी गेल्यावर दोन कामं करा. आज रात्री जेवताना घरात विचारा, “आपल्यापैकी कुणाला संमेलनाला जाणं सगळ्यात अवघड आहे, आणि का?” उत्तरं लिहून काढा. ठिकाण जाहीर झालं की त्याच यादीवरून स्वागत समितीला पत्र टाका. पत्राची नक्कल आपल्या गटात पाठवा, म्हणजे दुसऱ्यांना आयती मिळेल.

शंभराव्या संमेलनात भेटू. मी प्रदर्शनाच्या दाराशी, उतारापाशी उभा असेन. उतार नसेल तर स्वागत समितीच्या टेबलापाशी.